फलक अठरा

सावद्याच्या केबल ऑफिसात कॅमेरा एकच,
तो माझ्या खांद्यावर.
म्हणून पहिल्या दिवसाचं मला सांगता येतं:
भिंत पांढरी, दिवे दोन,
आणि पडद्यावर नान्सुबुगाबाईंचा चेहराच उमटेना.
दात दिसले. कानातले मणी दिसले.
पार्लरवाली हेमलता पावडरीचे तिन्ही डबे उघडून बसली,
तिन्ही गोऱ्यांचे.
बाई म्हणाल्या, "पावडर राहू द्या. भिंत बदला."

भिंतीला गोणपाट ठोकलं. त्यावर केळीचं ताजं पान,
रोज सातला फिरक्यांच्या बागेतून कापून आणलेलं.
मग बाग निसवते तसा
हळूच चेहरा निसवला.

कंपाला कुठे, रावेर कुठे!
टिश्यू कल्चर शिकायला जळगावात आल्या
आणि परतीच्या तिकिटाचे पैसे गिरणीच्या मोटारीत घातले.
पहिला धंदा हिरव्या केळीच्या पिठाचा.
पारा सेहेचाळीस, पत्र्याची शेड, चकत्यांचं वाळवण.
दुकानदार पाकीट हातात फिरवून विचारायचे,
"उपासाला चालतं का?"
बाई मला विचारायच्या, उपासाला काय काय चालतं?
मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या,
दीड पान भरलं.
तरी बुडालाच तो धंदा. पाकिटांत दमट हवा शिरली,
चारशे किलो पिठात अळ्या.
बँकेचे बोंडेसाहेब वसुलीला आले,
चहा घेतला, वही पाहिली, म्हणाले,
"एवढा स्वच्छ तोटा मी आजवर पाहिला नाही."

दुसरी शेड खोडाच्या धाग्याची. ती तगली.
पण कार्यक्रम निघाला तो त्या तोट्याच्या वहीतून.
पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यासमोर बाईंनी ती वाचून दाखवली,
तारखेसकट, अळ्यांसकट.
पुढे पाहुणे येत गेले, चिप्सवाले, बर्फवाले,
वॅगन भरणारे, कोल्ड स्टोरेजचे वारकेशेठ.
पहिला प्रश्न ठरलेला:
"बुडालात कधी?"

आमच्याकडे नफा कुणी सांगत नाही, दृष्ट लागते.
तोटाही सांगत नाही, पोरीचं लग्न अडतं.
बाईंना मात्र सांगायचे.
परकी बाई, ही कुणाला जाऊन सांगणार?
साडेतीन हजार घरं ऐकताहेत
हे त्या खुर्चीत बसलं की विसरूनच जायचे.

शेवटी भाव. नवती, पिलबाग, कांदेबाग.
बाईंच्या मायबोलीत र आणि ल सख्खी भावंडं,
कधी कोण पुढे येईल नेम नाही.
"भाव तेलाशे, फलक अठला."
पहिला आठवडा गाव हसलं.
दिवाळीपर्यंत स्टेशनवरचे हमाल एकमेकांना विचारू लागले,
"आज फलक किती?"

रस्त्यावर पोरं रंगावरून ओरडायची, तेही खरं.
एकदा वरणगावच्या नाक्यावर तिघांनी गाडी अडवली,
पासपोर्ट मागितला.
चौथा धावत आला, म्हणाला,
अरे, ही भाववाली.
बाई त्या रात्री कार्यक्रमात नीट बोलल्या,
भाव सांगितला, नमस्कार केला,
दिवे मालवल्यावर मात्र
गोणपाटासमोर बराच वेळ बसून होत्या.
मी वायरी गुंडाळत राहिलो. एवढंच सुचलं.

आता त्या नैरोबीच्या मोठ्या चॅनेलवर असतात.
रात्री साडेनऊला मी मोबाईल भिंतीला टेकवून बघतो.
काचेचं टेबल, कोटातले पाहुणे, खाली धावणारे आकडे.
भाषा कळत नाही फारशी,
पण पहिला प्रश्न कळतो,
कारण पाहुणा आधी आपल्या बुटांकडे बघतो,
थेट वारकेशेठसारखा.
मी सगळ्यात आधी काय पाहिलं सांगू?
त्यांच्यामागची भिंत.
गडद आहे. कुणीतरी जाणता कॅमेऱ्यामागे आहे.

इथला भाव आता मीच वाचतो.
पान फिरक्यांचंच, गोणपाट तेच.
काल घाईत तोंडून निघून गेलं,
"भाव चौदाशे, फलक एकोणीस."
लगेच फोन वाजला.
सावद्यात नांदणारी अमळनेरची कुणी सून,
मागे कुकरची शिट्टी, आवाजात धाप:
"भाऊ, बाई उनी का?"